जहाजावरचा झेंडा

दिवाळीच्या साफसफाईत वादळातल्या जहाजांचं मी काढलेलं जुनं चित्र भिंतीवरून उतरवलं, आणि आमच्याकडे तलावातली मासोळी आणून देणारा म्हातारा आठवला. तेव्हा चित्र नवं होतं, पाहुणे वाखाणत होते. दारातूनच त्याने विचारलं, "शीड इकडं फुगलं, मंग झेंडा तिकडं काहून उडून राहिला, गुरुजी?" "तू समुद्र पाहिला काय कधी?" दुप्पट वयाच्या माणसावर मी खेकसलो. समुद्र मीही पाहिला नव्हता. जहाजं कॅलेंडरवरची होती, झेंडा तेवढा माझा. "नाही जी," म्हणून तो गेला. मी गुपचूप झेंडा आभाळाच्या रंगाने झाकला, दुसऱ्या बाजूला नवा काढला. पुढच्या खेपेला तो खुशीत म्हणाला, "आता बराबर झाला." "पहिल्यापासून तसाच आहे," मी म्हणालो. तो डोळे चोळत चित्राकडे बघत राहिला. आज धूळ पुसली तर आभाळाचा रंग विरलेला, आणि खालचा झेंडा वर आलेला.