शाळेचे साठ टक्के

कुवेतमधल्या आमच्या शाळेची दर काही वर्षांनी तपासणी होते. आजवर अहवालाच्या पहिल्या पानावर सगळ्या शाळेसाठी एकच शेरा असायचा. गेल्या वेळी ‘चांगली’ होता. पालक तेवढं वाचत आणि निवांत होत. या वेळी तपासणीवाल्यांनी तो शेराच बंद केला. त्याऐवजी पाच रकाने आले आणि प्रत्येकाला वेगळा शेरा. हे पालकांना समजावून सांगायचं काम आम्हा वर्गशिक्षकांच्या गळ्यात पडलं.

माझ्या वाट्याला मराठी पालक आले. रकाने वेगळे ठेवलेत ते वेगळे वाचण्यासाठीच, हे मी तासभर घसा फोडून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकाने विचारलं, “ते कळलं मॅडम, पण टोटल किती?”

मी पडले गणिताची मास्तरीण, त्यात वैतागलेली. फळ्यावर मांडलं: अतिउत्तमला शंभर, चांगलेला पंचाहत्तर, समाधानकारकला पन्नास, कमकुवतला पंचवीस. बेरीज तीनशे, भागिले पाच. साठ टक्के. सगळ्यांचे चेहरे उजळले, आणि खरं सांगायचं तर माझाही.

आमच्या वेळी साठ टक्क्यांना पेढे वाटायचे. आताच्या पालकांना ते तोंड लपवण्यासारखे वाटतात.

त्या पालकांत सालमियातल्या माझ्या समोरच्याच फ्लॅटमधला नाशिकचा इंजिनिअर होता. तो शुऐबा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, बायको क्लिनिकमध्ये, दोघंही संध्याकाळी घरी येत. त्यांची अकरा वर्षांची मुलगी शाळेच्या बसमधून माझ्यासोबत उतरायची आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर अभ्यास करायची. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. चार वर्षं असं चाललं होतं. मला मूलबाळ नाही, आणि त्या चार वर्षांत ते मला आठवतही नव्हतं.

आठवड्याभरात कळलं की तिला नाशिकला काकांकडे पाठवणार आहेत. मी तशीच समोर गेले. शाळा आहे तशीच आहे, मोजायची पद्धत बदलली, असं सांगितलं. कमकुवत शेरा फक्त प्रयोगशाळेचा आहे, आणि टक्के अहवालात कुठेच नाहीत, ते मी काढलेत, हेही सांगितलं. तिची आई पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

“ताई, तुमचं गणित चुकलेलं मी अजून पाहिलं नाही,” तो म्हणाला. “साठ टक्क्यांच्या शाळेत पोरीला कशी ठेवू?”

मार्चअखेर ती निघाली. जायच्या दिवशी माझी कंपासपेटी परत द्यायला आली आणि दारातच घुटमळली. तपासणीला आलेल्या एका बाईंनी वर्गातल्या काही मुलांना बोलावलं होतं, त्यात ती होती, हे मला तेव्हा कळलं.

“मावशी, शी आस्क्ड मी, आर यू हॅपी हिअर? आय सेड, व्हेरी,” ती म्हणाली. “डिडन्ट शी राइट इट डाउन?”

लिहिलं होतं. मुलं इथे आनंदात आहेत, त्यांना इथे आपलं वाटतं, अशी दोन वाक्यं आणि पुढे अतिउत्तम. पाचांतला तेवढाच एक रकाना शंभराचा होता. तो मी प्रयोगशाळेच्या पंचविसात मिसळला आणि पाचाने भागला.

“लिहिलंय गं,” मी म्हटलं.

“मग?” तिने विचारलं, आणि या वेळी मराठीत.

सरासरी कशी काढतात ते मीच तिला त्या टेबलावर शिकवलं होतं. मी काय केलं ते सांगितलं असतं तर तिला लगेच कळलं असतं. म्हणूनच मी सांगितलं नाही.