आईचे नऊ वार, माझे सहा

परवा दौंडला एका शाळेत बोलायला गेले होते. आभार मानायला उठलेल्या मुलीच्या अंगात दोन रंगांचा फार सुंदर कुर्ता होता. मी सहज विचारलं, "कुठून घेतलास गं?" ती माईकवरच म्हणाली, "घेतला नाही मॅडम. आजीच्या दोन जुन्या साड्या होत्या, मम्मीनं शिवला."

टाळ्या वाजल्या. मी मात्र टाळ्या वाजवायच्या विसरले... कारण याच गावात, साठ-बासष्ट सालाच्या सुमाराला, हाच प्रश्न मला एका मुलीनं विचारला होता.

तेव्हा आम्ही शिरूरला मिशनच्या आवारात राहायचो. वडील लवकर गेले. आई बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायची. मी अकरावीत होते, वाचनालयातलं हाताला लागेल ते वाचायचे आणि जिथे उभं करतील तिथे बोलायचे. दौंडला वक्तृत्व स्पर्धा होती. भाषण तयार होतं, पण नेसायला काही नव्हतं.

आईकडे चर्चला नेसायची दोनच लुगडी होती, एक वांगी रंगाचं आणि एक हळदी. दोन्ही मधोमध विरलेली. तिनं दोन्हींचा मधला दीड-दीड वार कापून टाकला. उरले पंधरा वार... नऊ तिचे, सहा माझे! तिनं वांगीला हळदी जोडून दोन साड्या केल्या. तिची नऊवारी, माझी सहावारी.

याला आमच्याकडे दांड घालणं म्हणतात. दांडाचं लुगडं घरात नेसायचं, रानात नेसायचं, चारचौघांत नाही. सगळ्या बायकांना ते ठाऊक असतं.

मी रडवेली झाले. आईनं मला उभं केलं आणि स्वतः साडी नेसवली. निऱ्या वांगी, पदर हळदी, आणि शिवण नेमकी कमरेला खोचलेली. आरशात बघितलं तर मासिकातल्या चित्रासारखी दिसत होते.

"दांड कुणाच्या बापाला दिसायचा न्हाई," आई म्हणाली. "मी बी येती ऐकाया. दोघी जुळ्या दिसू बघ!"

पण त्या सकाळी तिला सुट्टी मिळाली नाही. मी शाळेच्या बाईंबरोबर एसटीनं गेले.

विषय होता श्रमाचं मोल. मी पेटून बोलले. शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "माझी आई रोज शेकड्यानं भाकऱ्या थापते. तिच्या हाताच्या फोडांची मला लाज वाटत नाही, अभिमान वाटतो! ज्यांना आपल्या आईबापाच्या कष्टाची लाज वाटते, त्यांनी या देशाच्या नावानं बोलू नये!" हॉल उठून उभा राहिला. पहिला नंबर मला मिळाला.

खाली उतरले तशा दौंडच्या मुली भोवती जमल्या. रेल्वेतल्या साहेबांच्या मुली, अंगावर नवं नायलॉन. एकीनं माझा पदर हातात घेतला.

"अय्या, हाफ अँड हाफ! कुठून घेतलीस गं?"

साधं उत्तर होतं... आईनं केली. आत्ताच तर मी मूठ आपटली होती.

"पुण्याहून," मी म्हणाले. "लक्ष्मी रोडवरून. नवीन फॅशन आहे."

"तरीच! पण ही फॅशन दौंडच्या बाजारातही आलेली दिसते. त्या बघ दारातल्या बाई!"

मी वळून पाहिलं. वांगी आणि हळदी. आई! कशीबशी सुट्टी काढून दुपारच्या एसटीनं आली होती. चार पावलांवर उभी होती. चेहरा अजून माझ्या टाळ्यांनी फुललेला होता, आणि माझं पुणं तिच्या कानावर नुकतंच पडलं होतं.

"अगदी तुझ्यासारखीच," मुलगी हसत म्हणाली. "ओळखीच्या आहेत का?"

"नाही."

मी ते आईकडे बघत म्हणाले. हे मला विसरता येत नाही... नजर चुकवली असती तरी बरं झालं असतं.

आईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, नवीन माणूस चुकून भलत्या दारात आल्यावर वळतं तशी वळली आणि गेली. आपल्या लुगड्यानं माझं खोटं उघडं पडेल म्हणून गेली. मी दोन पावलं धावले असते तरी ती भेटली असती. मी बक्षिसाची ढाल हातात धरून फोटोला उभी राहिले.

संध्याकाळी घरी पोचले तर आई घरातलं जुनं पातळ नेसून चुलीपुढे बसली होती.

"आलीस व्हय? कसं झालं भाषान?"

"पहिला नंबर आला."

"येनारच." तिनं मान वर केली नाही. "मला काय यायला जमलं न्हाई बाय. सुट्टीच दिली न्हाई त्यांनी."

आईला मी त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मला फक्त म्हणायचं होतं, आई, मी तुला पाहिलं.

मी म्हणाले, "असू दे. पुढच्या वेळी ये."

ती पुढच्या कुठल्याच वेळी आली नाही. बोलावलं की काही ना काही काम निघायचं. दहा-बारा वर्षांनी ती गेली तेव्हा पेटीत ते लुगडं सापडलं, मधोमध दांड, घडी त्या दिवसानंतर न मोडलेली.

त्यानंतर मी गावोगाव बोलले. श्रमावर, न्यायावर, बायकांच्या हक्कावर. लोक म्हणतात, बाईंच्या शब्दात आग आहे. असेल... पण परवा त्या पोरीनं माईकवर जे सहज म्हटलं, ते एवढंसं वाक्य मला आई जिवंत असताना म्हणता आलं नाही.

आज इथे लिहिते आहे. आईनं केली. माझ्या आईनं.

वाचायला ती नाही.