विमावाल्याचे बूट

महाडच्या एमआयडीसीतल्या बंद रंगकारखान्याची जागा मी घासाघीस करून घेतली आणि खणल्यावर माती जांभळी निघाली. ती साफ करायचा खर्च कारखान्याच्या जुन्या विम्यातून मिळावा म्हणून भांडलो, तेव्हा विमा कंपनीने एक साहेब पाठवला. नाकाला रुमाल लावून तो काठीने माती उकरत होता.

"अपघाताने सांडलं तरच भरपाई मिळते, शेठ. इथं रोज थोडं थोडं सांडलंय."

"म्हंजे रोज विष ओतलं तर माफ हाय?" मी ओरडलो.

तो गोड हसला. माती तशी बरी आहे, असंही म्हणाला. मग त्याने बूट माझ्याच कुंपणाशी काढून टाकले आणि मोज्यांवर गाडीत बसला.

ते बूट मी हलवलेले नाहीत. पुढच्या साहेबाला तेच घालायला देणार आहे.