चहापुरती तपासणी

भाऊसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी श्रीरामपूरच्या माझ्या दुकानात एका कॉम्प्युटरचा पंखा साफ करत होतो. त्याच्या मेव्हण्यानं एवढंच सांगितलं, "दाजी गेले. झोपेतच गेले." मी "बरं" म्हणालो. बरं! माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? महिना उलटला तरी त्या शब्दाची लाज वाटते… पण त्याहून मोठी लाज वेगळीच आहे, आणि ती आज सांगायचीच आहे.

भाऊसाहेबाचा घोडेगावात फोटो स्टुडिओ होता. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यात असायची. आम्ही आयटीआयला एका बाकावर बसलेले. मला चिडवायला तो "इंजिनेर" म्हणायचा. त्याचा कॉम्प्युटर मीच जोडून दिलेला. एकदा म्हणाला, "इंजिनेर, हे लई रडतंय रं. एका लग्नाची फिल्म तयार व्हायला अख्खा दिस जातो. काय तरी कर की." मला तेव्हा भारी खुमखुमी. मेमरीचा स्पीड कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा वाढवता येतो, हे इंटरनेटवर वाचलं होतं. वाढवला. झालं! पंखे फिरताहेत आणि स्क्रीन काळी. भाऊसाहेबाचा चेहरा पडला. मी मोठ्या रुबाबात पेटी उघडली, बोर्डावरचा बटणाएवढा सेल काढला आणि पाच मिनिटांनी परत बसवला. त्यानं सगळं मूळपदावर येतं. मशीन सुरू झालं. तिथंच थांबायला हवं होतं. पण गप्प बसेन तर मी कसला! स्पीड मघापेक्षा थोडा कमी धरला, व्होल्टेज जरासं वाढवलं, आणि चाललं की. अशा मेमरीची तपासणी आठ-दहा तास चालवावी लागते. मी ती त्याच्या बायकोचा, मंदावहिनींचा चहा होईपर्यंत चालवली. चूक एकही दिसली नाही, आणि मला एसटी गाठायची होती.

महिनाभरात गावातल्या एका लग्नाचं शूटिंग त्यानं त्या मशीनवर उतरवलं आणि पुढच्या लग्नासाठी कॅमेऱ्यातली कार्डं पुसली. नंतर बघतो तर निम्म्या फायली तुटलेल्या. कुठं हिरवे चौकोन, कुठं आवाजच नाही, काही तर उघडेचनात. नवरीचा आजा लग्नानंतर चौथ्या दिवशी वारला होता. अक्षता टाकणारा आजा त्याच फायलींत होता. नवरीच्या बापानं जनावरांच्या भरल्या बाजारात भाऊसाहेबाची गचांडी धरली. "माझ्या बापाला पुसून टाकलं ह्यानं!" भाऊसाहेब खाली मान घालून म्हणत राहिला, "चुकलं माझं. कार्ड खराब निघालं."

मला मात्र फोनवर ऐकतानाच कळलं. मी ताणलेल्या मेमरीनं कॉपी होताना फायली नासवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गेलो, धूळ काढतो म्हणून मशीन ताब्यात घेतलं आणि स्पीड गुपचूप खाली आणला. भाऊसाहेब शेजारीच बसला होता. म्हणाला, "कार्डच असंल ना रं?"

"कार्डच," मी म्हणालो. शेण खाल्लं मी.

त्यानंतर त्याला लग्नं मिळेनाशी झाली. पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स यांवर त्यानं आठ वर्षं काढली. मी दर दिवाळीला जायचो, फराळ चापायचो, गप्पा हाणायचो. सांगायचं ठरवूनच जायचो, आणि तोंड शिवल्यासारखा परत यायचो.

मागच्या आठवड्यात वहिनींनी मशीनमधले घरचे फोटो काढून द्यायला बोलावलं. फोटो पेनड्राइव्हवर जात होते आणि मला काय झालं कुणास ठाऊक, सगळं बोलून बसलो. वहिनी ताट पुसत होत्या. थांबल्यासुद्धा नाहीत.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी धूळ काढून गेलात आन् त्या दिसापासनं एक बी फाईल तुटली न्हाई. ते काय खुळे हुते व्हय?"

"मग बोलला का नाही कधी?"

"म्हनायचे, त्याच्या तोंडानं येऊ दे. दर दिवाळीला म्हनायचे, औंदा सांगंल बघ." त्यांनी ताट ठेवलं. "आता मला सांगून काय उपेग, भावजी? बाजारात सांगा की."

बाजाराच्या दिवशी गेलो. नवरीचा बाप एका गाईचा सौदा करत होता. चार माणसांदेखत सांगितलं… चूक भाऊसाहेबाची नव्हती, माझी होती. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. त्यानं गाईचा कासरा दुसऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "चला त्याच्या घरी."

घरातल्याच स्टुडिओत भाऊसाहेबाचा हार घातलेला फोटो आहे. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले, त्याचा स्वतःचा धड एक सापडेना. शेवटी आधारसाठी काढलेला पासपोर्ट फोटोच मोठा केला. नवरीचा बाप त्याच्यासमोर टोपी काढून उभा राहिला. मग फोटोलाच म्हणाला, "तुझ्या मयताला बी आलो न्हाई रं मी."