आत्याचा रुंद तोंडाचा थर्मास

कुसुमआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी निर्मल गावच्या कॉलेजात पेशीचाच धडा शिकवत होते. मिळेल ती बस धरून आदिलाबादला पोचले, तर तिरडी बांधून तयार, माणसं अंगणात ताटकळलेली, आणि माझे बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, तिच्या छातीवर तळहात ठेवून बसलेले. कुणी उठवलं तरी उठेनात. “थांबा जरा. आतमधी काम चालू हाय अजून,” एवढंच म्हणत होते. “बुढ्याचं डोकं फिरलं,” कुणीतरी माझ्या कानाशी पुटपुटलं. डोकंबिकं काही फिरलं नव्हतं. ते काय बोलत होते ते त्या गर्दीत फक्त मला कळलं...

आत्या आदिलाबादच्या डिग्री कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. गुडीहत्नूरच्या बाजूचं आमचं घर माळकरी; अंडं शिजलं म्हटलं तरी चूल बाटायची. आणि ही बाई गळ्यातली माळ तशीच ठेवून, बर्फ भरलेला रुंद तोंडाचा थर्मास काखोटीला मारून, सकाळी सकाळी खाटकाच्या दुकानासमोर उभी! “मास्टरनीअम्मा, दिल ले जाके करते क्या जी तुम?” चाँदभाई खाटीक विचारायचा. “चल रहा क्या देखती, भाई,” ही म्हणायची. तो पोट धरून हसायचा, पण बोकडाचं ताजं हृदय मात्र तिच्यासाठी राखून ठेवायचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी इंटर, म्हणजे बारावी, पास झाले होते, आणि आत्याकडे राहून बीएस्सी करायचं म्हणून हट्टाने तिच्याच कॉलेजात दाखल झाले होते. थर्मासची बातमी बाबांच्या कानावर गेली. कापूस विकायला आले ते मार्केटातून तडक कॉलेजात, मला न्यायला. “माळकऱ्याची पोरगी मांस चिवडन काय? चाल घरी!” मी रडकुंडीला आले. शिक्षण संपलंच म्हणायचं. आत्या वाद घालणाऱ्यातली नव्हती. ती म्हणाली, “ने दादा, तुहीच पोरगी हाय. पन आधी हे एक पाहून जाय.”

तिने हृदयाचा वाटून गाळलेला रस काचेच्या नळीत घेतला, त्यात पेशीच्या कणांना लागणारं खाद्य घातलं, थेंबभर निळा रंग टाकून बूच लावलं आणि नळी कोमट पाण्याच्या लोट्यात उभी केली. “पेशीत बारीक बारीक कण असते, दादा. त्यायच्यात एक पडदा. आपण तलावात पानी अडवतो ना, तसा पडद्याच्या एका बाजूला भार चढवते ते. मंग एका दारातून सोडते. दारात चाक. त्या चाकावर सारा जीव चालते.” बघता बघता निळा रंग विरत गेला. वर नुसती निळी कड उरली. रसात मिसळलेली हवा कणांनी संपवली होती, म्हणून रंग गेला होता. बाबांना वाटलं, औषध तळाशी बसलं. त्यांनी नळी उचलली आणि कापसावर फवारायची बाटली हलवतात तशी खसाखसा हलवली. सगळी नळी पुन्हा निळीशार!

“बिघडवलं का म्या?” बाबा दचकले.

“नाई दादा. तू त्यायले हवा देली.”

लोट्यात ठेवल्यावर रंग पुन्हा गेला. बाबा खुर्ची ओढून बसले. “बोकड तं सकाळीच मेलं ना?”

“हो. पन यायले अजून कोनं सांगतलं नाई.”

आदल्या वर्षी आमचे आबा, म्हणजे या दोघांचे वडील, गेले तेव्हा बाबा इथेच मार्केटात कापसाची गाडी घेऊन रांगेत अडकलेले होते. घरी पोचले तेव्हा आबा नुकतेच गेलेले. “थोडक्यात चुकलो,” असं आधी ते म्हणायचे तरी, मग तेही बंद झालं. त्या दिवशी नळीकडे बघत म्हणाले, “आबा... मी आलो तवा आंग ऊन होतं त्यायचं, कुसुम.”

आत्या खोटं बोलली असती तर बाबांना चाललं असतं. ती खोटं बोलली नाही. “आबाले समजलं का, ते मले नाई सांगता येत, दादा. पन काम चालू असन. तू रिकाम्या घरात नाई आला.”

बाबांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि मला न घेताच गावी परतले.

पुढे नव्वदच्या दशकात एकदा आत्या फक्त एक गोष्ट सांगायला बसने निर्मलला आली. दारातूनच म्हणाली, “अगं, ते चाक खरंच फिरतं! कुणीतरी फिरताना पाहिलं म्हणे!” मी तोवर ते चाक उदाहरणापुरतंच समजत होते. चहा निवत होता आणि ती स्वतःचा तळहात उलटसुलट करून बघत होती. “आपण इथे बसलोय, आणि आत किती फिरताहेत...” देवळात बोलावं तसं हळू बोलत होती. त्यानंतर कितीतरी दिवस मीही माझ्या हाताकडे बघत होते. अजूनही विश्वास बसत नाही.

“ये. हात ठेव,” आत्या गेली त्या दिवशी बाबा मला म्हणाले. ठेवला. आत्या अजून ऊन होती. आम्ही दोघं तसेच बसलो. मग त्यांनी आपणच हात काढला. “आता न्या.”

तिच्या घरातून बाबांनी फक्त थर्मास आणला. बोकडाचं हृदय वाहिलेला तो थर्मास आता आमच्या माळकरी घरात, ताकासाठी! परवा गावी गेले तेव्हा ते बांधावर बसून, झाकण काढायच्या आधी, तो खसाखसा हलवत होते. ताक तर केव्हाच एकजीव झालं असेल.

“काऊन हलवता इतकं, बाबा?”

“हवा देऊन राह्यलो,” म्हणाले.