पक्क्या घरातली दुपार

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. फरक इतकाच पडला, की पूर्वी नकार ऐकायला एसटीनं उस्मानाबादला जावं लागे, तो आता पायी जाऊन ऐकता येऊ लागला.

मी शिक्षिका. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आईचं डावं अंग अर्धांगवायूनं गेलेलं. तिला उठवून बसवावं लागे. भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यातल्या दुपारी ती नुसती भाजून निघायची. त्यात दुष्काळ. कूलरमध्ये घालायला पाणी नाही आणि पंख्याला वीज असेलच याची खात्री नाही. मला घर बांधायचं होतं ते एवढ्यासाठीच, की आईला दुपारची एक गार खोली मिळावी. विजेशिवाय, पाण्याशिवाय गार.

तसं घर कसं बांधतात हे मला चांगलं ठाऊक होतं. देवणीला आमचं लहानपण तसल्याच घरात गेलं. लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्याला आम्ही धाबं म्हणतो. वैशाखातही त्याच्याखाली डोळा लागायचा. मी स्वतः कागदावर नकाशा काढला. पश्चिमेला न्हाणी आणि अडगळीची खोली, म्हणजे उतरतं ऊन त्यांनी सोसावं. आईची खोली उत्तरेला, छताला लागून झरोके. धाबं स्लॅबपेक्षा स्वस्तही पडत होतं आणि त्याला पाणी मारायची गरज नव्हती.

कर्ज देणाऱ्या कचेरीतल्या साहेबांनी तो नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"हे कच्चं छत आहे. कच्च्या घराला कर्ज नाही."

"लोखंड आणि दगड कच्चं कसं, साहेब?"

"नियमात पक्कं म्हणजे स्लॅब. घरात पुरुषमाणूस कोण आहे? त्यांना पाठवा, समजावून सांगतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पगार माझा, हप्ता माझ्याच पगारातून कापणार, आणि समजावणार कुणाला, तर घरात नसलेल्या पुरुषाला! पण कर्जाशिवाय भिंतीसुद्धा उभ्या राहणार नव्हत्या. नाक मुठीत धरून मी नकाशा बदलून दिला.

माघात स्लॅब टाकला. नवा स्लॅब पाण्याखाली ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो. म्हणून वर कडेनं मातीची पाळ बांधून त्यात टँकरचं विकतचं पाणी सोडलं. ज्या गल्लीत बायका घागरी रांगेला लावून टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसत, त्याच गल्लीत माझ्या छतावर तळं! शेजारीण एकदाच बोलली, "बाई, तुमच्या घराला लई तहान हाय हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि संतापही आला, कारण ते पाणी मी कुठं मागितलं होतं? ते नियमानं मागितलं होतं.

चैत्रात राहायला गेलो आणि आठवड्याभरात कळलं, की पत्र्याची खोली बरी होती. पत्रा दिवस मावळला की निवतो तरी. स्लॅब दिवसभर आग पितो आणि मग सावकाश खाली सोडत राहतो. वर माती पसरावी म्हटलं, तर शेवटची तपासणी होईपर्यंत नकाशाबाहेर काही करायचं नाही, असा दम कचेरीनं आधीच भरलेला.

एका दुपारी आई म्हणाली, "मला बाहीर टाक गं माय. जीव घाबरा व्हायलाय."

समोर रस्त्याच्या कडेला कडुनिंब होता. त्याखाली मी बाज टाकली आणि शेजारणीच्या मदतीनं आईला उचलून आणलं. पुढं रोजच आणू लागलो. परक्या माणसासमोर जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली माझी आई स्वतःच्या घरासमोर रस्त्यावर निजू लागली. येणारे-जाणारे बघत. एका हातानं पदर सावरता सावरता ती डोळे मिटून घेई. माझ्या आईवर ही वेळ आणायचा अधिकार त्या नियमाला कुणी दिला, हे मला आजही कळलेलं नाही.

अशाच एका भर दुपारी साहेब तपासणीला आले. बाजेकडे पाहून माझ्यावरच उखडले. "आजींना असं रस्त्यावर का ठेवलंय? एवढं पक्कं घर बांधून दिलं तुम्हाला!"

बांधून दिलं म्हणे! आमच्याकडे दारी आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत आणि त्यालाही तो नाकारून उठता येत नाही. मी साहेबांना आत नेलं, आईच्या पलंगावर बसवलं आणि चहाचं आधण ठेवलं. वीज सकाळपासूनच गेलेली. स्टोव्हच्या वाती मी बारीक केल्या, आणखी बारीक केल्या. आधण काही येईना. साहेबांनी आधी कागदांनी वारा घेतला, मग बुशशर्टचं वरचं बटण काढलं, मग उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता.

"बाई, चहा बाहेरच घेऊ या. आत बसवत नाही."

"बाहेर एकच बाज आहे, साहेब," मी म्हणाले. "तिच्यावर आई आहे."