खापरसाहेब आणि आठ पाती

सापडलेली प्रत्येक बारकी वस्तू खापरसाहेब आधी जिभेला लावत. चिकटली तर जुनं हाड, नाहीतर दगड. पहिल्या दिवशी ते बघून मी तोंड फिरवलं. तामलवाडीकडच्या एका गावात मी पाण्याच्या पाइपलाइनवर सुपरवायझर होतो. चर खणण्याआधी जमिनीत जुनं काही आहे का, ते बघायला पुरातत्त्व खात्यानं त्यांना पाठवलं होतं. खापरं बघत फिरतात म्हणून गावानं हे नाव ठेवलं, आणि त्यांना ते इतकं आवडलं की फोनवरही तेच सांगायचे.

मला मात्र ते डोळ्यांसमोर नको असायचे. उन्हाळ्याआधी पाणी आलं नाही तर बायांना पुन्हा टँकरमागं पळावं लागणार होतं, आणि हा माणूस ढेकूळ न ढेकूळ बघत बसलेला! घाई करा म्हटलं की म्हणायचे, "जमीन कुठं पळून चाललीय का?"

लाइन पारूआक्कांच्या रानातून जाणार होती. त्यांना साहेबांची दया आली. चौथ्या दिवशी साहेब यायच्या आत त्यांनी सात बाया सोबत घेऊन सगळ्या रानातली खापरं वेचली आणि बांधावर आठ ढीग लावले. "तुमची कंबर दुखतीया, आमीच आणलं येचून," आक्का कौतुकानं म्हणाल्या. साहेबांचा चेहरा उतरला. खापरं कुठं दाट आहेत, त्यावरूनच तर खाली काय दडलंय ते कळायचं. मी कपाळाला हात लावला. आता सगळं अडकणार आणि उन्हाळा आम्हाला गाठणार.

साहेब रागावले नाहीत. ढिगांपाशी मांडी घालून बसले, चहा मागितला. म्हणाले, "आक्का, खापर जिथलं तिथं असलं तरच बोलतं." मग ढीग आठच का, असं त्यांनी विचारलं.

"खुरपताना धरतो तशी एकेकीनं पात धरली, आपापला पट्टा. दुसरीच्या पातीतलं आमी उचलत न्हाय."

साहेब ताडकन उठले. दिवसभर प्रत्येक बाई आपापल्या पातीतून आठवून आठवून खापरं परत ठेवत गेली आणि मागून साहेब खुणेच्या काठ्या रोवत गेले. संध्याकाळी सगळी दाटी रानातल्या बोरीच्या झाडाभोवती दिसली. लाइन तिथून बांधाकडं सरकवली आणि होळीआधी नळाला पाणी आलं.

साहेब गेल्या वर्षी वारले. कळलं तेव्हा मी रडलो, त्यात लाजायचं काय? आक्कांना सांगायला गेलो, तर त्या मला रानात घेऊन गेल्या. रानात खापर दिसलं की त्या अजूनही उचलत नाहीत, शेजारी खुणेला दगड ठेवतात. आता कुणासाठी ठेवता, असं मी विचारलं.

"ईल की कुणीतरी वाकून बघणारं."

मी वाकलो. दगडाशेजारचं खापर उचलून जिभेला लावलं आणि जिथल्या तिथं ठेवलं.